बुटातला अक्रोड

वोल्फ्सबुर्गमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि आमच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर, खालच्या बाई. त्यांना नाव होतं, दारावरच्या पितळी पाटीवर ते लखलखीत पुसून ठेवलेलंही असायचं, पण आमच्या घरात त्या 'खालच्या बाई'च. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, केस बारीक कापलेले. जन्मभर शाळेत खेळ शिकवलेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस रांगेत उभा नाही याचा त्यांना अजूनही त्रास व्हायचा. आणि मी नाशिकची. रांगेत उभं राहा असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा आमचं जमावं असं काही नव्हतंच.

भांडण चपलांवरून होतं. आपल्याकडे चपला, बूट दाराबाहेर काढून घरात यायचं, यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी इथं आल्या दिवसापासून तेच केलं. पण जिन्याची जागा सगळ्यांची, तिला म्हणायचं ट्रेपेनहाउस, आणि तिथं काही ठेवायचं नाही, असं इमारतीच्या नियमांत लिहिलेलं. बाई वर यायच्या, बेल वाजवायच्या, मी दार उघडलं की तर्जनीनं चपलांकडे दाखवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "ट्रेपेनहाउस." नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी चपला आत घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बाहेर. आम्ही घरात नसलो तर बाई स्वतःच वाकून त्या नीट लावून ठेवायच्या, सगळ्या जोडीनं, टोकं भिंतीकडे. त्या नीटपणाचा मला सर्वांत जास्त राग यायचा.

"कायद्यानं बरोबर आहे गं त्यांचं," असं नवरा म्हणायचा. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याच्या चार चिमण्या दिसायच्या आणि त्यांच्याकडे बघत चहा पिता पिता तो मला कायदा शिकवायचा.

"मग जा आणि त्यांच्याच घरी राहा," मी म्हणायची.

आमची लेक तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची जर्मन. नाशिकहून माझी आई स्काइपवर तिच्याशी बोलायची, ही जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि आई कौतुकानं "हो का, हो का" करत राहायची. दोघींचं छान चालायचं. इथं मात्र हिला आजी हवी होती ती हाताशी, आणि ती तिनं खालच्या मजल्यावर शोधून काढली होती. दर बुधवारी बाई शाळेच्या मैदानावर पोरांना पळायला शिकवायच्या. लेक त्यांना 'ओमा फॉन उंटन' म्हणायची, म्हणजे खालची आजी. बुधवारी संध्याकाळी ती लाल गालांनी घरी यायची आणि जेवताना ओमा असं म्हणाली, ओमा तसं म्हणाली. मी ताटात आणखी भात वाढायची आणि विषय बदलायची.

निकोलाउसचं प्रकरण तर आणखी वेगळं. सहा डिसेंबरच्या आदल्या संध्याकाळी इथली मुलं आपले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात. रात्री पांढऱ्या दाढीचा निकोलाउस येतो आणि त्यांत संत्री, अक्रोड, चॉकलेटं भरून जातो. पहिल्याच वर्षी लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पायातल्या वस्तूत तोंडात घालायची वस्तू? माझ्या घरात नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की माझ्या रुखवतातला छोटा कडीचा स्टीलचा डबा दाराशी ठेवायचा आणि निकोलाउसनं त्यात काय ते भरायचं. त्यानं बिचाऱ्यानं भरलंही. पण लेकीनं ते वर्गात सांगितलं, पोरं हसली आणि ही रडत घरी आली. निकोलाउसला डबा कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"कळला ना पण? भरला ना?" मी म्हटलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी एवढ्याशा पोरीनं आईकडे टाकू नये.

दोन हजार दहाचा तो डिसेंबर. बर्फ असा पडला होता की आमच्या रस्त्यावरच्या उभ्या गाड्यांचे रंग विसरायला झाले. अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी बाईंच्या पळण्याच्या क्लबची शर्यत असायची, तळ्याकाठच्या झाडीतून, सगळ्यांनी लाल गोंडेदार टोप्या घालून. जमलेले पैसे इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डला खेळण्यांसाठी जायचे. मोठ्यांची पळायची शर्यत वेगळी, पण गंमत असायची ती कुटुंबांच्या फेरीची. एक मूल मधे, दोन मोठी माणसं दोन बाजूंना, तिघांनी हात धरून तळ्याला एक वळसा घालायचा. हात सुटला तर तिथंच थांबायचं, तिघांनी मिळून एक गाणं पूर्ण म्हणायचं आणि मगच पुढं. हा नियम बाईंनीच केलेला. आदल्या वर्षी नवरा कारखान्याच्या कामानं परगावी होता आणि मी नाही म्हटलं होतं. लेक कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. या वर्षी तिनं शरद ऋतूच्या सुट्टीपासून बापाला तयार केलं होतं.

आणि शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दुष्काळात तेरावा महिना. इमारतीपुढचा बर्फ उपसायची पाळी आमची होती. सकाळी नीट उजाडलंही नव्हतं तोच बेल. बाई. "आज तुमची पाळी." नवरा धडपडत उठला, बूट शोधायला लागला. बूट बाईंच्या धाकानं कपाटात ठेवलेले, कपाट अंधारात, हा घाईत. शेवटी न्हाणीघरातल्या सपाता घालून फावडं घेऊन खाली गेला आणि फाटकापाशी घसरला. पावलाचं हाड तडकलं. प्लास्टर.

"बूट दाराबाहेर असते तर सापडले असते," मी इस्पितळातून परत येताना म्हटलं. "हे सगळं त्या बाईमुळं झालंय."

"बाईंनी मला सपाता घालायला सांगितलं नव्हतं," नवरा म्हणाला. दुखत असताना सुद्धा त्याला न्याय सुचतो.

वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात मी कधी कमी पडत नाही, म्हणून दोन दिवस मी जिन्यात बाई दिसल्या की मान वळवून जात होते. तिसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि बातमी दिली. आता बाबाच्या जागी ओमा फॉन उंटन पळणार. तिनं विचारलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. म्हणजे मधे लेक, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला खालच्या बाई.

मी तोंड उघडलं. पण लेक माझ्यासमोर उभी होती, दोन्ही हात जोडलेले, आणि डोळे भरलेले. "ममा, बिटे, प्लीज," ती म्हणाली आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये, पण इतकं सावकाश की मला एकही शब्द सुटू नये. त्या दिवशी भांडायचं नाही. एक दिवस. तुम्ही दोघी भांडलात तर मला पुन्हा कडेला उभं राहावं लागेल.

मी तोंड मिटलं.

रविवारी, पाच डिसेंबरला, सकाळी आम्ही बसनं तळ्यावर गेलो. नवरा कुबड्यांवर, डोक्यावर लाल टोपी, चेहऱ्यावर जत्रेला निघाल्याचा आनंद. माझ्या पायात सेलमधून आणलेले पळायचे बूट होते. आयुष्यातले पहिले. शाळेत असताना मी पळायच्या तासाला कायम पोटदुखीची चिठ्ठी घेऊन जायचे. पण बर्फ करकरत होता, ऊन पडलं होतं, झाडांच्या फांद्यांवरून भुरभुर खाली येत होती, आणि गरम फळांच्या रसाचा दालचिनीचा वास सगळीकडे. मी कबूल करणार नव्हते, पण मला मजा वाटायला लागली होती.

क्लबची बैठी लाकडी इमारत होती. आत छातीवर लावायचे नंबर मिळत होते. दाराशी आले, आत छान घासलेली लाकडी जमीन दिसली, आणि मी सवयीनं बूट काढले, बाहेरच्या छपराखाली ठेवले. लेकीनं माझं बघून काढले. नवऱ्यानं एकुलता एक बूट काढला. बाकी सगळा गाव बुटांसकट आत शिरत होता, पाय आपटून बर्फ झटकत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नंबर घेतले, टाचण्या लावल्या, एकेक वाफाळता पेला घेतला. बाई कुठं दिसत नव्हत्या, म्हणून मी खुशीत होते.

बाहेर आले तर माझ्या बुटांत खाऊ.

दोन्ही बुटांत. संत्री, अक्रोड, चकचकीत कागदातली चॉकलेटं, अगदी घोट्यापर्यंत भरलेली. लेकीच्या बुटांत तसंच, नवऱ्याच्या बुटातही. आणि बाजूला लाल झगा घालून, कापसाची दाढी लावून, हातात पोतं घेऊन निकोलाउस उभा होता. दाढीच्या वर डोळे ओळखीचे. बूटही त्यांनी नीट लावून ठेवले होते, टोकं भिंतीकडे.

माझा तोल गेला. राग मला मराठीतच येतो, आणि एकदा आला की तोंडाचा पट्टा थांबत नाही. "अहो बाई, काही रीतभात? पायातल्या बुटात खायचं भरता? घरी तर घरी, इथंसुद्धा माझ्या बुटांमागं लागलात? तीन वर्षं झाली, माझ्या चपलांना सुखानं एका जागी बसू दिलं नाहीत. माझ्या नवऱ्याचा पाय मोडला. आता पोरीसाठी गप्प बसायचं ठरवून आले होते मी, पण तुम्ही बसू द्याल तर ना!"

बाईंना अर्थातच एक अक्षर कळलं नाही. त्या दाढीतून हसत होत्या. नवऱ्यानं कुबडीच्या टोकाकडे बघायला सुरुवात केली. बाई वाकल्या आणि लेकीला विचारलं, ममा काय म्हणते?

लेक पांढरी पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. या अख्ख्या तळ्याकाठी दोन्ही बाजूंचं सगळं कळणारं तेवढंच एक माणूस होतं. "ती म्हणते, खूप खूप धन्यवाद," लेक जर्मनमध्ये म्हणाली.

"इतकं लांब?" बाईंनी विचारलं.

"मराठीत धन्यवाद लांब असतो," लेक म्हणाली.

मला हसू आलं. खरंच आलं, ओठ दाबूनही आवरेना. राग आणि हसू दोन्ही एकदम आलं की माझं नेहमी हसूच जिंकतं, हे नवऱ्याला ठाऊक आहे, तो तेवढ्यासाठीच कुबडीकडे बघत होता. आणि मग माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. डिसेंबरचा तो दिवस, दाराबाहेर काढून ठेवलेले बूट, आणि समोर निकोलाउस. त्यानं दुसरं करायचं तरी काय होतं?

तोवर पोरांनी पाहिलं होतं. एका मुलानं आपले बूट काढले आणि आमच्या बुटांशेजारी ठेवले. मग दुसऱ्यानं. मग बहिणींनी, भावांनी, एका आजोबांनी. बघता बघता छपराखाली गणपतीतल्या घरापुढं असते तशी बुटांची गर्दी झाली, आणि तळ्याकाठचं अर्धं गाव मोज्यांवर उड्या मारत उभं. बाई पोतं घेऊन एकेका बुटाशी वाकत होत्या. आयाबाया ओरडत होत्या, मोजे ओले होतील, सर्दी होईल. घंटा घेऊन उभा असलेला माणूस दर मिनिटाला घड्याळ बघत होता. बाईंची शर्यत कधी उशिरा सुटली नव्हती म्हणे. त्या वर्षी सुटली, कारण पळणाऱ्यांच्या पायात बूट नव्हते. माझी लेक त्या गर्दीत मधोमध उभी होती आणि सगळ्यांना सांगत होती, आमच्याकडे असंच काढतात, आधी बूट, मग आत. डब्याची गोष्ट ऐकून हसणारी तिच्या वर्गातली दोन पोरंही तिथं मोज्यांवर होती.

घंटा झाली तेव्हा एकच धांदल. मी बुटांतलं सगळं बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर ओतलं, पाय कोंबले, नाड्या आवळल्या. बाईंनी पोतं टाकलं, दाढी हनुवटीखाली ओढली आणि लेकीचा डावा हात धरला. मी उजवा धरला. निघालो.

पहिल्याच पावलाला कळलं. उजव्या बुटात, अगदी टोकाशी, एक अक्रोड राहिला होता.

आता थांबावं तर हात सुटणार. हात सुटला तर गाणं म्हणावं लागणार, आणि तेही बाईंसोबत. मी ठरवलं, पळायचं. अंगठा मुडपून पळायचं. प्रत्येक पावलाला टोचणी, आणि टाच टेकवून बघावं तर दुसऱ्या बाजूनं बाईंची ओढ अशी, जणू बैलगाडीला एक बैल जास्तच तरणा जुंपलेला. त्या सत्तरीच्या बाई झगा फडकवत पळत होत्या आणि मी चाळिशी न गाठलेली बाई लंगडत होते. लेकीनं विचारलं, हळू जाऊ का? मी म्हटलं, अजिबात नाही. झाडीत सगळ्या लाल टोप्या पुढंमागं हलत होत्या. कुणी घसरत होतं, कुणी लहान पोराला दोघांच्या मधे झोका देत होतं. एक कुत्रा टोपी घालून पळत होता. माझा श्वास फुलला होता, डोळ्यांतून थंडीनं पाणी येत होतं, पाय कळवळत होता, आणि लेकीचा हात माझ्या हातात होता. ती हसत होती, मोठ्यानं, तोंड वर करून. इतकी सुखी मी त्या देशात तोवर झाले नव्हते.

लाकडी पुलाच्या चढावर लेक पुढं झेपावली आणि माझा हातमोजा तिच्या हातात राहिला. हात सुटला.

कुणी पाहिलं नव्हतं. मी पटकन तिचा हात पुन्हा पकडला. पण बाई थांबल्या. नियम त्यांचा होता ना. त्या कडेला झाल्या आणि म्हणाल्या, गाणं.

नाताळची जी गाणी तिथल्या प्रत्येकाला येतात त्यांतली मला एकाची एक ओळ आठवेना. मराठी म्हणावं तर लेकीला लाज वाटणार. मी नुसतीच धापा टाकत होते. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग तळ्याकडे. आणि डोळे मिटून, हात जोडून तिनं गणपतीची आरती सुरू केली.

दर वर्षी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. आठ-दहा मराठी घरं जमायची. आरती तिला पाठ होती, हे मला माहीत होतं, पण ती स्वतःहून, बर्फात, आपल्या शाळेच्या पोरांसमोर, एवढ्या मोठ्या आवाजात म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि माझ्या हातांनी आपोआप काय केलं, तर नाड्या सोडल्या. आरती चालू असताना पायात बूट? मी दोन्ही बूट काढून कडेला ठेवले, मोज्यांवर बर्फात उभी राहिले आणि लेकीच्या आवाजात आवाज मिळवला. अक्रोड घरंगळत बाहेर आला आणि बाईंच्या पायाशी थांबला.

बाईंनी अक्रोड पाहिला. माझे पाय पाहिले. मग त्या खाली वाकल्या, मला वाटलं अक्रोड उचलायला. पण त्यांनी आपल्या नाड्या सोडल्या. बूट काढले, माझ्या बुटांशेजारी ठेवले, टोकं पुलाच्या कठड्याकडे, आणि जाड लोकरी मोज्यांवर उभ्या राहून टाळ्यांचा ठेका धरला. ठेका चुकत होता, पण जोरात होता.

आरती अर्धवट सोडायची नसते. आम्ही सगळी म्हटली, शेवटच्या कडव्यासकट. मागून येणारे थांबायचे, टाळ्या वाजवायचे, पुढं जायचे. थंडी मोज्यांतून गुडघ्यापर्यंत चढली. शेवटी लेकीनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली, कारण घरी आरतीनंतर आम्ही घेतो. मी घेतली. निकोलाउसनंही घेतली.

मग बाईंनी अक्रोड उचलला, आरतीला बूट का काढले ते लेकीकडून ऐकून घेतलं आणि तिला जर्मनमध्ये काहीतरी भरभर सांगितलं. लेक माझ्याकडे वळली. "ओमा म्हणते," ती मराठीत म्हणाली, अडखळत, शब्द शोधत, "तिला सकाळीच कळलं होतं की तू थँक्यू नाही म्हटलं. असा चेहरा करून कोणी थँक्यू नाही म्हणत. आणि ती म्हणते... तिला वाटायचं की तू शूज बाहेर टाकते. घरात घाण नको म्हणून बाहेर, सगळ्यांच्या जागेत. तिला नव्हतं माहीत की ते... की ते मोठ्यांसाठी काढतात. देवासाठी."

"देवासाठी आणि घरासाठी," मी म्हटलं. "सांग त्यांना. आणि त्यांच्यासाठीसुद्धा. त्या कधी आमच्या दाराच्या आत आल्या असत्या तर दिसलं असतं."

लेकीनं तेवढं सांगितलं की नाही, की मधलं काही गाळलं, मला माहीत नाही. बाईंनी मान हलवली आणि बूट घालताना तोल जाऊ नये म्हणून माझ्या खांद्याला धरलं.

आम्ही अगदी शेवटी पोहोचलो. आमच्या मागं फक्त तो टोपीवाला कुत्रा होता. लेकीनं रेषा ओलांडताना आमचे दोघींचे हात असे वर उचलले, जणू शर्यत आम्हीच जिंकली. नवरा मांडीवर संत्र्यांचा ढीग घेऊन बसला होता. "मला वाटलं, चहाला थांबलात," तो म्हणाला.

संध्याकाळी मी कचरा टाकायला खाली निघाले. दुसऱ्या मजल्यावर आले आणि थबकले. बाईंच्या दाराबाहेर, ट्रेपेनहाउसमध्ये, त्यांचे जाड काळे बूट होते. घासलेले, टोकं भिंतीकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगते, माझं बोट बेलकडे गेलंच होतं. दार उघडलं की तर्जनीनं बुटांकडे दाखवायचं आणि फक्त एक शब्द म्हणायचा. असा योग पुन्हा येणार नव्हता.

पण मी कचरा तसाच जिन्यात ठेवून वर धावले. लेकीला हाक मारली. दिवाळीनंतर पुन्हा केलेले बेसनाचे लाडू होते. ते बुटात टाकायला माझा हात काही धजेना, कितीही झालं तरी. मग लेकीनंच कपाट उघडलं आणि तो कडीचा छोटा डबा काढला. त्यात चार लाडू बसले. डबा बाईंच्या बुटात असा अलगद गेला, जणू मापाचाच होता. लेक तोंडावर हात दाबून हसत होती, आणि मी तिला गप्प, गप्प म्हणत तिच्याहून मोठ्यानं.

वर आल्यावर मी आमचे सगळे बूट आणि चपला दाराबाहेरून उचलल्या आणि आत कपाटात लावल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन-तीन दिवस त्या आतच राहिल्या. नवरा म्हणाला, ताप बीप आहे का तुला?

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. बाई. हातात डबा, आणि तो दोन्ही हातांनी धरलेला, म्हणजे रिकामा नव्हता. झाकणाच्या फटीतून लोणी आणि व्हॅनिलाचा वास येत होता. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती, सांगणारी माझ्या मागंच उभी होती.

मी हात पुढं केला. बाईंनी डबा दिला नाही. त्यांनी तर्जनीनं, त्याच तर्जनीनं, दारासमोरच्या रिकाम्या जागेकडे दाखवलं आणि जरा रागानंच विचारलं, "बूट कुठं आहेत?"

मी आत गेले, कपाटातून माझा उजवा बूट काढला आणि त्यांच्यासमोर दाराबाहेर ठेवला. बाई वाकल्या, त्यात डबा ठेवला, बुटाचं टोक भिंतीकडे वळवलं. मग स्वतःचे बूट काढून त्याच्याशेजारी ठेवले आणि पहिल्यांदा आमच्या घरात आल्या.